खुर्चीमागे उभी असलेली बाई

दौलतरावांनी मला फसवलं आणि मी सारिकाला फसवलं. दौलतराव म्हणजे सारिकाचे वडील, सटाण्याकडचे कांद्याचे व्यापारी. सारिका त्यांची मधली मुलगी, बारावीसाठी नाशकात खोली घेऊन राहिलेली. आणि मी सिडकोतल्या एका सायबर कॅफेची मालकीण. वीस वर्षं उलटून गेली, पण निकालाचा हंगाम आला की हे वाक्य तोंडात येतं आणि दिवसभर तिथंच राहतं. यंदा ते लिहून टाकायचं ठरवलं.

निकालाचा हंगाम हा शब्द माझाच. द्राक्षांचा असतो, कांद्याचा असतो, तसा आमच्या धंद्यात निकालाचा. त्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर जायच्या आत पोरं वाकून आत यायची. सीट नंबर तळहातावर पेनानं लिहिलेला, घामानं शेवटचा आकडा पसरलेला. "काकू, हा सात आहे की एक?" असं ती मलाच विचारायची. पेठकडचे एक गृहस्थ पोराचं हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपीखाली ठेवून आले होते, ते मला अजून आठवतात. साइट उघडायची नाही. पांढरा पडदा, वर एक फिरणारी खूण, आणि मागे वीस माणसांचे श्वास. मग एकदम आकडे यायचे आणि कुणीतरी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचं. आनंदाचं की दुसरं, ते मला आवाजावरून कळायला लागलं होतं.

आता कॅफे नाही. त्याच खोलीत झेरॉक्स आहे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देते. निकाल ज्याचा त्याच्या हातातल्या फोनवर येतो. माझ्याकडे येतात ते फक्त कागदावर छापून हवा असलेले. गर्दी नाही, घाम नाही. शाई तेवढी वाळत राहते.

यंदा निकालाच्या आदल्या दिवशी एक बाई आल्या. मुलीच्या आधार कार्डाची झेरॉक्स झाल्यावर काउंटरवर कोपर टेकून हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, मुलीच्या मोबाईलमध्ये असं काही टाकून देता का, की ती काय बघते, कुणाला लिहिते, ते मला माझ्या फोनवर दिसेल?"

"तिला सांगून?"

"सांगून काय उपयोग? मग ती दिसू देईल का?"

"मग माझ्याकडे कशाला आलात? मोबाईलच्या दुकानात जा."

"अहो, सटाण्याचे दौलतराव आमच्या नात्यातले. ते म्हणाले, सिडकोतल्या ताईंकडे जा. त्यांनी लक्ष ठेवलं म्हणून माझं घर वाचलं."

माझा आवाज चढला की समोरचा माणूस पायरी उतरतो, असा शेजाऱ्यांचा अनुभव आहे. ती बाई तर झेरॉक्स तिथंच टाकून रिक्षात जाऊन बसली. म्हणजे वीस वर्षं तो माणूस माझं नाव घेऊन हे सांगत फिरतोय. माझं नाव त्यानं खात्रीचा शिक्का म्हणून वापरलंय.

माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात होते. नव्वदच्या दशकात कारखान्याला टाळं लागलं. तेव्हा मी घराच्या पुढच्या खोलीत आधी फोनचं बूथ टाकलं, मग टायपिंग, मग झेरॉक्स. पुढे अंबडमध्येच एक ऑफिस बंद होत होतं, तिथून सहा जुने संगणक उचलले. त्या माणसाशी मी सकाळपासून दुपारपर्यंत घासाघीस करत बसले होते. शेवटी तो म्हणाला, "बाई, खुर्च्याही घेऊन जा, पण आता उठा." मी खुर्च्याही आणल्या. पहिल्या भावाला मी आयुष्यात कधी हो म्हटलेलं नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

सहा संगणक, मध्ये प्लायवूडच्या फळ्या. सुरुवातीला फळ्या डोक्याच्या वर होत्या. मग दोन-तीन पालक कुरकुरले आणि मी सुतार बोलावून त्या खांद्याइतक्या कापून घेतल्या. करवतीचा भुसा आठवडाभर कीबोर्डच्या फटींतून निघत होता. त्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आणि मला कळली नाही. पूर्वी जी पोरं तासभर लिहीत बसायची, ती आता क्रिकेटचा स्कोअर बघून उठायला लागली. आणि ज्यांना नको ते बघायचं होतं, त्यांची बोटं फक्त जास्त चपळ झाली. मी जवळ गेले की वाघाचं चित्र समोर. शाळेत प्रोजेक्ट म्हणून तेव्हा वाघच असायचा. एकाच वाघाची पानं मी किती पोरांना छापून दिली असतील!

इंटरनेटच्या तारेतून काय येतं त्यावर पोरांचं वागणं ठरतं, असं सगळे म्हणतात. मी सहा वर्षं त्या खोलीत बसले, मला तसं दिसलं नाही. फळी किती उंच आहे, खुर्चीतून रस्ता दिसतो की नाही, बरोबर कोण आलंय, घरी कधी पोचायचंय, इंग्रजी किती वाचता येतं आणि पाठीमागे कोण उभं आहे, यावर ते ठरत होतं. एकच यंत्र. त्यावर मुलगा बसला की वेगळं, मुलगी बसली की वेगळं.

मुलं टोळीनं यायची. एका खुर्चीत दोघं आणि खुर्चीच्या हातावर तिसरा. एकदा तर एक नंबरवर बसलेला पोरगा 'पूजा' होऊन दोन नंबरवर बसलेल्या स्वतःच्याच मित्राशी पंधरा दिवस गप्पा मारत होता. दोन नंबरवाला मला येऊन सांगायचा, "काकू, पूजाला निळा शर्ट आवडतो म्हणे!" आणि पलीकडे पूजा टेबलाखाली तोंड घालून खोकत असायची. मला सगळं ठाऊक होतं, पण मजा वाटायची म्हणून मी गप्प. त्या पूजाच्या वडिलांना मी एकदा सांगितलं होतं, की तुमचा पोरगा भलतीसलती चित्रं बघतो. ते हसले. "वय आहे त्याचं, ताई. तुमच्या मशीनला काही झालं नाही ना?" तेवढ्यावर संपलं.

मुली जोडीनं यायच्या. एक बसायची, दुसरी खिडकीच्या गजांतून रस्ता राखायची. "ए, तुझा चुलता!" म्हटलं की स्क्रीनवर लगेच रसायनशास्त्र. अर्ध्या तासातला निम्मा वेळ भीतीत जायचा. उरलेल्यात त्या काय बघायच्या? मेंदीची चित्रं, गाण्यांचे शब्द, नर्सिंगचे फॉर्म, आणि घरात विचारता येत नाहीत असे शरीराचे प्रश्न. ते प्रश्न त्या इंग्रजीत अडखळत लिहायच्या आणि उत्तर समजलं नाही तरी मला विचारायच्या नाहीत. मी मागे उभी असायचे ना!

सारिका एकटी यायची. म्हणूनच माझ्या नजरेत भरली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं कमी. तीन नंबरची खुर्ची तिची. जूनमध्ये एका बोटानं टाइप करत होती. दिवाळीपर्यंत दहाही बोटं चालायला लागली, कीबोर्डकडे न बघता. हसू आलं की तळहात तोंडावर ठेवायची आणि मग स्क्रीनकडे अशी बघायची, की समोर खरंच कुणी बसलंय. घरच्या पोरीचं हसणं आपण रोज ऐकतो. एकटीनं बसलेल्या, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून दाबलेल्या त्या हसण्यात दुसरंच काहीतरी होतं. मला ते बघायला आवडायचं. हे खरं आहे आणि ते मी लिहून ठेवते.

दौलतराव पहिल्यांदा आले ते जुलैत. पांढरं स्वच्छ धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "पोरीनं इथं यायचं नाय. तेच सांगाया आलो."

मी म्हटलं, "का? अभ्यासाचं सगळं आता यावरच मिळतं."

"मिळत असंल. त्यातलं मला काय कळतंय? मला जे वाचता येत नाय, ते माझ्या पोरीनं बघायचं नाय."

ते खरं कारण होतं. इतकं स्वच्छ बोलणारा बाप मला तोवर भेटला नव्हता, म्हणून मला माणूस आवडला. मी म्हटलं, "आठवड्यातले सहा दिवस येऊ द्या."

ते हसले. सौदा सुरू झालाय हे त्यांनी ओळखलं. "बैलबाजार असता तर रुमालाखाली बोटं धरून ठरवलं असतं, ताई. पण बाईमाणसाशी तसा सौदा होत नाय. उघड्यावर बोलू. एक दिवस."

"पाच."

"दोन. बहिणीसारख्या म्हणून दोन."

"बहिणीला दोनवर वाटेला लावता?"

अर्धा तास चालला होता आमचा खेळ. चहा दोनदा झाला. चार दिवसांवर ठरलं. मग ते उठता उठता म्हणाले, "पण चार दिवसांच्या बदल्यात एक गोष्ट. ती काय बघती ते तुम्ही मला सांगायचं. मी तिला काही बोलणार नाय. बापाला माहीत असावं, बस्स." मी विचारलं, "नक्की काही बोलणार नाही?" ते म्हणाले, "शब्द दिला. लासलगावात माझ्या शब्दावर ट्रक भरतात."

मी हो म्हटलं. चार दिवस मिळवले याचाच मला आनंद. त्या रात्री यजमानांना मी रंगवून सांगितलं, एकावरून चारवर कसं आणलं ते. ते म्हणाले, "आणि त्या पोरीला विचारलंस का?" मी म्हटलं, "तिच्याच भल्याचं आहे, विचारायचं काय?"

वर पहिल्या ओळीत मी फसवणुकीचा क्रम सांगितला. तो बरोबर नाही. दौलतरावांनी शब्द मोडला तो नंतर. मी त्या पोरीला फसवलं ते त्या चहाच्या कपावर, जुलैतच. तिच्या मागे उभं राहायचं मी कबूल केलं आणि तिला सांगितलं नाही.

पुढचे महिने ते बाजारासाठी आले की डोकवायचे. "काय बघती पोर?" मी सांगायचे, "अभ्यास. गाणी. नाशिकमधल्या कॉलेजांची माहिती." ते सगळं खरं होतं. त्याखेरीज एक नाव होतं, निखिल. नावापुढे कोल्हापूर असं लिहिलेलं. चॅटच्या छोट्या खिडकीत ते नाव रोज चमकायचं. काय लिहितात ते मी वाचलं नाही. ते मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, भराभर वर सरकत जायचे. चष्म्याशिवाय मला वाचताही आले नसते. पण नाव वाचलं होतं, आणि ते मी दौलतरावांना सांगितलं नव्हतं. माझ्याकडे राखून ठेवलं होतं.

मग संक्रांत आली. कॅफे भरलेला, सहाही खुर्च्यांवर पोरं, दोन उभी. मी फडकं घेऊन धूळ पुसायच्या निमित्तानं तीन नंबरच्या मागे गेले. सारिका न वळता म्हणाली, "काकू, माझ्या मागे उभ्या राहू नका."

आवाज मोठा नव्हता. पण खोलीभर ऐकू गेला. पूजा झालेला तो पोरगा फिसकन हसला आणि म्हणाला, "काकूंना आज आउट केलं!" सगळे हसले. माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीत बसून, एवढीशी पोर! मला राग येतो तेव्हा तो बोलून संपतो असं मी लोकांना सांगत असते. त्या दिवशी तो बोलून संपला नाही.

संध्याकाळी दौलतराव तिळगूळ घेऊन आले. "काय बघती पोर?" नेहमीचा प्रश्न. मी म्हटलं, "एका मुलाशी बोलते. रोज. निखिल नाव आहे."

एवढंच. सात शब्द. त्यांनी टोपी काढली, आतून हात फिरवला, पुन्हा घातली. चेहऱ्यावर काही नाही. "बरं झालं सांगितलं, ताई," म्हणाले, आणि चहा पूर्ण पिऊन गेले. मला वाटलं, शब्द दिलाय, पाळतील. खरं सांगायचं तर त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. राग उतरला होता आणि हलकं वाटत होतं.

चौथ्या दिवशी सारिकाची खोली रिकामी झाली. तिची पत्र्याची पेटी आणि गादी टेम्पोत चढवताना मी कॅफेच्या दारातून पाहिली. ती पुढे वडिलांच्या आणि खिडकीच्या काचेच्या मध्ये बसली होती. टेम्पो माझ्या दारावरून गेला. तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं बघितलं नाही.

फेब्रुवारीत तिच्या खोलीतली मैत्रीण आली, कळवणची वैशाली. कॉमर्सला होती. "काकू, सारिकाचं हॉल तिकीट कॉलेजात पडलं होतं. सरांना म्हटलं मी पोचवते. पण तिच्या घरी जायची मला भीती वाटते. तुमची ओळख आहे ना?" त्या तिकिटावरचा फोटो मी पाहिला. दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले. मी नंबर एका कागदावर उतरवून घेतला, कॅलेंडरच्या खिळ्याला लावला आणि दुसऱ्या दिवशी सटाण्याची एसटी पकडली.

दौलतराव कांदा साठवायच्या चाळीपाशी होते. ओल्या मातीचा आणि कांद्याचा वास. बायका पातीपासून कांदा कापत बसल्या होत्या आणि मी गेले तशा माझ्याकडे वळून बघायला लागल्या. त्यांनी मला ओसरीवर नेलं, मान राखला, पाणी मागवलं. पाणी सारिकानंच आणलं. पदर नव्हता, पण मान तशीच खाली. मी म्हटलं, "सारिका, तुझं हॉल तिकीट." तिचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला, आणि तिनं वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ठेवा इथं." ती आत गेली.

मग मी आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा केला. मी म्हटलं, नाशकात परत पाठवा. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, आईला बरोबर ठेवा. नाही. तिच्या मामाकडे ठेवा, परीक्षेच्या केंद्राच्या दारात सोडा, दारातून आणा. मी म्हटलं, पुढे शिकवू नका, कॅफेचं तोंड बघू देऊ नका, पण एवढे पेपर देऊ द्या. बारा वर्षं शिकलीय पोर. बाजारात मी वर चढत जाते. तिथं एकेक पायरी उतरत गेले, आणि तिच्या वतीनं एकेक गोष्ट सोडत गेले. मला तो अधिकार कुणी दिला होता?

ते म्हणाले, "लग्नाचं बघतोय आम्ही."

"बघा. पण पेपर झाल्यावर."

"ती मनी पोर शे, ताई." ते पहिल्यांदाच माझ्याशी घरच्या अहिराणीत बोलले, आणि 'माझी पोर आहे' म्हणताना त्यांचा आवाज हलला. "लोकं काय म्हणतील, हे तुम्हाला शहरात कळायचं नाय."

"लोकांना कुणी सांगितलं? मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. आणि तुम्ही शब्द दिला होता."

शेवटी त्यांनी हॉल तिकीट उचललं, घडी केली, बंडीच्या खिशात ठेवलं. "मामाकडं ठेवतो. पेपर देईल. जबान दिली." मी परत येताना एसटीच्या खिडकीतून द्राक्षांचे मांडव बघत होते आणि मनात म्हणत होते, जमलं. काहीतरी सुटलं असेल, पण मुख्य ते जमलं.

मार्च गेला. वैशालीचं केंद्र वेगळं होतं, त्यामुळे सारिका दिसली का हे तिला ठाऊक नव्हतं. मी विचारायला गेले नाही. जबान दिलेल्या माणसाकडे चौकशी करणं म्हणजे अपमान, असं मी स्वतःला समजावलं. भीती वाटत होती हे खरं कारण.

निकालाच्या दिवशी खोली गच्च भरली होती. सगळ्यांचे झाले. दुपारी जरा रिकामं झाल्यावर मी तीन नंबरच्या खुर्चीत बसले, खिळ्यावरचा कागद काढला आणि एकेक आकडा दाबला. साइट त्या वेळी लगेच उघडली. सारिकाचं पूर्ण नाव आलं, आईचं नाव आलं, आणि खाली प्रत्येक विषयापुढे गैरहजर असल्याची खूण. इंग्रजी, मराठी, गणित, सगळीकडे तीच. मला वाटलं आकडा चुकला. पुन्हा दाबला. नाव तेच. मागून एक मुलगा म्हणाला, "काकू, नापास का?" मी म्हटलं, "नाही रे." नापास व्हायलाही बाकावर जाऊन बसावं लागतं.

लासलगावात शब्द मोडला, तर दुसऱ्या दिवशी दौलतरावांच्या ट्रकला कुणी हात लावला नसता. सगळ्या बाजाराला कळलं असतं. म्हणून तो शब्द ते पाळायचे. पोरीबद्दल दिलेला शब्द मोडल्यावर काय झालं? काही नाही. मेमध्ये तिच्या लग्नाला सातशे पान उठलं, असं वैशालीनं सांगितलं.

पाच वर्षांनी देवळा गावातल्या एका लग्नात सारिका मला दिसली. कडेवर मुलगी, हातात छोटा मोबाईल. तो वाजला की ती आधी नवऱ्याकडे बघायची, मग त्याच्या हातात द्यायची. मला बघून ती बाजूला आली. मला वाटलं आता बोलेल, मनात असेल ते सगळं बोलेल. मी तयारी करून उभी राहिले. माझ्याकडे उत्तरंही होती, माझ्याकडे नेहमी असतात.

ती म्हणाली, "काकू, एक विचारू? तो माझा मेल होता ना. पासवर्ड अजून आठवतो मला. आता उघडेल का हो तो?"

मी म्हटलं, "इतकी वर्षं उघडला नाही की बंद करतात गं ते लोक."

"मग आतलं?"

"आतलं पण जातं."

"म्हणजे कुणी काही पाठवलं असेल, तर ते त्याला परत गेलं असेल का? पोचलं नाही म्हणून?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, गेलं असेल. ती मान हलवून हसली, तळहात तोंडावर न ठेवता, आणि म्हणाली, "बरं झालं. म्हणजे मी उत्तर दिलं नाही असं नाही वाटणार." मग मुलगी रडायला लागली म्हणून ती गेली. मला दोषाचा एक शब्द बोलली नाही.

लोक मला समजावतात. तो निखिल म्हणे अभ्यासाच्या शंका सोडवत असेल, चांगला मुलगा असेल. मला ती समजूत नको आहे. अभ्यासाचंच बोलत असती तर ती निर्दोष, आणि पावसाचं, कुत्र्याचं, आवडत्या भाजीचं बोलत असती तर दोषी? ती काय लिहीत होती ते मला आजही ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं मला काही कारण नव्हतं. त्याच खोलीतला 'पूजा' झालेला पोरगा आता चांगल्या नोकरीत आहे. त्यानं काय काय बघितलं ते मला ठाऊक होतं, त्याच्या बापालाही. त्याचा एकही पेपर बुडला नाही.

माझ्याकडून जे व्हायचं ते मी इथं लिहिलं. राग आला म्हणून मी बोलले. एक नाव सांगितलं, आणि एका पोरीचं पुढचं सगळं त्या नावाखाली गेलं. याला मी दुसरं कारण देणार नाही. ज्यांना मला बोल लावायचा आहे त्यांनी लावावा, मी दारातच बसलेली असते.

पण दौलतराव, तुम्ही माझं नाव घेऊन घर वाचल्याचं सांगत फिरता, ते आजपासून बंद. घर कुणाचं वाचलं? आणि त्या चार दिवसांत, टेम्पो आणण्याआधी, तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का, की पोरी, तू काय लिहीत होतीस? हॉल तिकीट खिशात घातलंत, त्याचं काय केलंत? फाडलंत, जाळलंत, की अजून कुठल्या वहीत आहे? मला सांगू नका, माझं ऐकून काय होणार! तिच्या सासरी जा. जेवायला बसण्याआधी, नवऱ्यादेखत, लेकीदेखत तिला सांगा की मी शब्द दिला होता आणि मोडला. मग ती काय म्हणते ते उभं राहून ऐका. मधे बोलू नका.